पायाला भिंगरी असलेले आजोबा, बाबा, काका: तुमच्या आठवणी लिहा

आज माळा आवरताना आजोबांची काठी हाती लागली. मुठीखाली अंगठा टेकायचा तिथे लाकडात गुळगुळीत खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात ठेवला आणि तिथेच बसून राहिले.

आजोबा ९१ व्या वर्षी गेले. ८८ पर्यंत रोज पहाटे बाहेर. पण एकटे नाही, आम्हा नातवंडांची वरात घेऊन. आणि चालायचे सगळ्यांच्या मागे. "जा पुढे, पण वळणावर थांबा," एवढंच सांगायचे. मला वाटायचं, वयामुळे हळू चालतात. माझी लेक चालायला लागल्यावर कळलं, शेवटच्या पोरावर लक्ष असायचं त्यांचं.

आजीचे गुडघे गेले तसे ते रोज तिच्यासाठी खिशातून एक पान आणायला लागले. कुठे सापडलं, ते सांगत बसायचे. आजी ती पानं डायरीत चिकटवून खाली तारीख घालायची. ती गेली त्यानंतरचीही दहा-बारा पानं आहेत. त्या तारखांचं अक्षर आजोबांचं आहे.

तुमच्या घरी असं कोणी होतं का? लिहा ना.

*

डोळे भरले. काठी परत माळ्यावर टाकू नका प्लीज.

*

बाबा. १९८६, हॅलेचा धूमकेतू. पहाटे सगळ्यांना उठवून गावाबाहेर अंधारात नेलं. दुर्बिणीतून कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी दिसलं, मी आपली शेपटी शोधतेय. धाकटा तेव्हा चार वर्षांचा. त्याला खांद्यावर घेऊन बाबा म्हणाले, "हा आता २०६१ ला येणार. तेव्हा माझ्या वाटचंही तूच बघ." तेव्हा धाकटा ७९ चा असेल. बाबा मागच्या वर्षी गेले, तेव्हापासून तो रोज व्यायाम करतोय.

*

२०६१ ला धाग्यावर येऊन सांगायला सांगा त्याला :)

*

आमचे काका वीज चमकली की आकडे मोजायला लावायचे. तीन सेकंदांना एक किलोमीटर. मोजण्याच्या नादात भीती पळायची. पण तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, सगळे घरात! एरवी कमालीचे लाड, तिथे अजिबात नाही.

*

हो हो, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो त्यावरून ते. मी अजून मोजते. बाकी रात्री लिहिते, मुलाला आणायला जायचंय.

*

पप्पांसमोर "कोकिळा किती गोड गाते" म्हणायची सोय नव्हती. "गातो तो नर! काळा कुळकुळीत. मादी ठिपक्याठिपक्यांची, तिचा आवाज वेगळा."

*

काय सांगता! म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं म्हणतेय?

*

कोकीळ म्हणा. कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते ती मात्र कोकिळा.

*

माझे बाबा शेवटची दोन वर्षं कोणालाच ओळखत नव्हते. एका रात्री अंगणात खुर्ची टाकून बसवलं, तर माझं बोट धरून सप्तर्षींकडे नेलं. पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ पाचपट लांब ओढली आणि बरोब्बर ध्रुवावर थांबवली. मी सात वर्षांची असताना दाखवलं होतं अगदी तसंच. मग विचारलं, "तू कोणाची गं?" तुमचीच, म्हटलं.

*

काय लिहू यावर. जवळ असतात तर मिठी मारली असती.

*

धागाकर्ती, पानं कोणत्या झाडांची आहेत ते ओळखू येतंय का? फार उत्सुकता आहे.

*

सगळ्यांचं वाचतेय, उत्तरं द्यायला उशीर होतोय. पिंपळाचं एक ओळखलं, नुसती जाळी उरलीय. बाकीची उद्या उजेडात बघते. लेक काठी घेऊन बाहेर निघालीय, तिच्या डोक्यापेक्षा उंच आहे ती. जाते मागून.