मदत हवी आहे: वहीत एकच आवाज बोलतो

समुपदेशकांनी मनातल्या वेगवेगळ्या भागांना वहीत बोलतं करायला सांगितलंय (रिचर्ड श्वार्ट्झ यांची १९८० च्या दशकातली 'इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स' पद्धत). महिना झाला, पण दुसऱ्याच ओळीत टीका करणारा भाग पेन हिसकावतो: "ऐरोली स्टेशन आलं, काय लिहिलंस?" घाबरलेल्या भागाची पाळी येतच नाही.

वेगवेगळ्या रंगांची पेनं, वीस मिनिटांचा गजर, डाव्या हाताने लिहिणं, सगळं झालं. (डाव्या हाताचं मलाच वाचता येत नाही.) घरी एका खोलीत पाचजण, म्हणून ठाणे-वाशी लोकलमध्येच लिहिते. मोबाईलवर सुचत नाही. झोप, काम ठीक आहे. पुढची भेट तीन आठवड्यांनी.

असं लिहिणाऱ्यांनी सांगा: टीकाकाराला आधी मनसोक्त बोलू द्यायचं, की थांबवून घाबरलेल्याला थेट विचारायचं? आणि पहिला प्रश्न नेमका कोणता?