मेट्रोनोमशिवाय वाजवलेल्या गाण्यांसाठी टायमिंगच्या नियमात बदल सुचवत आहे

प्रस्ताव

‘ओसू’ या गाण्याच्या तालावर क्लिक करण्याच्या संगणकीय खेळाचे मॅप (गाण्यावर बेतलेले खेळाचे टप्पे) करताना आपला गट जी नियमावली पाळतो, तिच्यात ‘लय बदलल्यास नवा टायमिंग पॉइंट (गाण्याचा वेग आणि ठोक्याची जागा खेळाला सांगणारी खूण) द्यावा’ एवढेच म्हटले आहे. संगणकावर रचलेल्या गाण्यांना ते पुरते; पण माणसांनी मेट्रोनोमशिवाय (एकसारखा ठोका देणाऱ्या यंत्राशिवाय) वाजवलेल्या गाण्यात लय सतत थोडीफार सरकत असते, आणि मग एकाच गाण्याला कोणी तीन पॉइंट देतो तर कोणी तीनशे.

समजा, खरा वेग मिनिटाला १२०.१ ठोके आहे आणि आपण १२० धरला. दर ठोक्याला पडणारा फरक जेमतेम ०.४२ मिलिसेकंदाचा, पण तो साठत जाऊन दोन मिनिटांत १०० मिलिसेकंदांवर पोहोचतो. ओव्हरऑल डिफिकल्टी (क्लिक किती अचूक हवी ते ठरवणारी काठिण्यपातळी) ८ असताना पूर्ण ३०० गुणांसाठी ठोक्याच्या आधी किंवा नंतर सुमारे ३२ मिलिसेकंदांचीच मुभा असल्याने, संगीताबरोबर अचूक क्लिक करणाऱ्या खेळाडूचेही गुण चाळीस सेकंदांच्या आतच कापले जाऊ लागतात. चूक मॅप करणाऱ्याची आणि दंड खेळणाऱ्याला, हे मला फार खटकते.

म्हणून साठलेला फरक १० मिलिसेकंदांपलीकडे जाणार असेल तरच, आणि तेव्हा मात्र सक्तीने, नवा पॉइंट द्यावा, असा नियम असावा. आपले मत काय?

प्रतिसाद १

मर्यादा योग्य वाटते, परंतु तायको मोडचा (ओसूमधील ढोल वाजवण्याच्या प्रकाराचा) विचार यात राहून गेला आहे. तिथे नोटा (वाजवायच्या ठोक्यांच्या खुणा) पडद्यावर सरकण्याचा वेग बीपीएमवर (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांवर) ठरतो. त्यामुळे लाल रेषेवर (म्हणजे टायमिंग पॉइंटवर) १२० चे १२४ केले की कानाला फरक फारसा जाणवला नाही तरी डोळ्यांना नोटा धक्का बसल्यासारख्या पुढे येताना दिसतात. त्याच जागी हिरवी रेषा (ठोके न बदलता फक्त सरकण्याचा वेग बदलणारी खूण) देऊन वेग ०.९७ पट करणेही बंधनकारक असावे.

प्रतिसाद २

फरक कोणत्या वाद्यावरून मोजायचा, हे आधी ठरले पाहिजे. गायकाचा स्वर किंवा व्हायोलिन हळूहळू उमलत असल्याने त्याचा नेमका आरंभ १० मिलिसेकंदांच्या अचूकतेने सांगता येत नाही. ड्रमचा आघात मात्र स्पष्ट असतो. शिवाय टायमिंग झाल्यावर कोणी एमपी३ फाइल पुन्हा एन्कोड केली, तर लेम एन्कोडर (एमपी३ फाइल बनवणारा प्रोग्राम) आणि डिकोडर (ती उलगडून वाजवणारा) मिळून सुरुवातीला १,१०५ सॅम्पलची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २५ मिलिसेकंदांची, भर पडू शकते आणि सगळी मेहनत वाया जाते. मर्यादा ठोक्याच्या अंशात ठेवली तर अधिक बरे होईल का?

प्रस्तावकाचे उत्तर

अंशाची सूचना मला मान्य करता येत नाही, कारण गुणांची मुभा मिलिसेकंदांत ठरते आणि गाणे संथ असले म्हणून ती वाढत नाही. बाकीच्या सूचना घेऊन मसुदा असा केला आहे: ‘टायमिंग अंतिम फाइलवरच करावे. सर्वांत स्पष्ट आघाताच्या वाद्यावरून मोजलेला फरक १० मिलिसेकंदांहून अधिक होण्यापूर्वी, शक्यतो मात्रागटाच्या पहिल्या ठोक्यावर, नवा टायमिंग पॉइंट द्यावा. तायकोमध्ये त्यासोबत नोटांचा वेग पूर्ववत करणारी हिरवी रेषा द्यावी.’