मदत हवी आहे: भाच्याने मागे ठेवलेल्या विदेशी अजगराची नोंदणी मुदत टळल्यानंतर कशी करावी?

नमस्कार. मी यावल तालुक्यात फैजपूरजवळ राहतो आणि केळीची शेती करतो. माझा भाचा पुण्यात शिकत असताना त्याने ऑगस्ट २०२२ मध्ये एका विक्रेत्याकडून बॉल पायथन जातीचा अजगर विकत घेतला. गेल्या जूनमध्ये तो पुढील शिक्षणासाठी परदेशी गेला आणि जाताना "मामा, दोन महिने सांभाळा, मी काहीतरी व्यवस्था करतो," असे सांगून काचेची पेटी माझ्या घरी ठेवून गेला. दोन महिन्यांचे आता सात महिने झाले आहेत. हा प्राणी वीस-पंचवीस वर्षे जगतो हे मला नंतर कळले, त्यामुळे त्याची कायदेशीर व्यवस्था लावणे आता माझ्यावरच आहे असे मी धरून चाललो आहे.

माझी खरी अडचण कागदपत्रांची आहे. विक्रेत्याने दिलेली पावती म्हणजे वहीतून फाडलेला अर्धा कागद असून त्यावर "बीपी नॉर्मल – १ नग" (म्हणजे साध्या रंगाचा बॉल पायथन) एवढे शब्द आणि रक्कम लिहिलेली आहे. त्यावर दुकानाचे नाव नाही, शिक्का नाही, सहीसुद्धा नाही. हा प्राणी परदेशातून परवान्याने आला, इथेच कोणाकडे जन्मला, की बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात मुंबई विमानतळावर जे साप पकडले जातात तशाच एखाद्या वाटेने आला, हे सांगणारा दुसरा कोणताही पुरावा माझ्याजवळ नाही.

कायद्याबद्दल मी जे वाचले ते असे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तिने आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या विदेशी जाती अनुसूची ४ मध्ये आणल्या. बॉल पायथन, हिरवा इग्वाना यांसारखे सरपटणारे प्राणी त्यात येतात. कलम ४९-एम प्रमाणे अशा जिवंत प्राण्याचा ताबा कळवून नोंदणी करणे बंधनकारक आहे. त्यासाठीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाले. ज्यांच्याकडे प्राणी आधीपासून होते त्यांना परिवेश २.० या संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करण्यासाठी सहा महिने मिळाले आणि त्यानंतर ताब्यात येणाऱ्या प्राण्यासाठी तीस दिवसांची मुदत ठरली. भाच्याने ती पहिली मुदत पाळली नाही आणि मला दुसऱ्या मुदतीची माहितीच नव्हती. ही चूक आमची आहे, ती मी नाकारत नाही.

नोव्हेंबरमध्ये एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून मला नीट झोप लागत नाही. पेटीचे झाकण नीट न बसल्यामुळे साप ओसरीत आला. शेजारच्या काकूंनी त्याच्या अंगावरचे तपकिरी डाग पाहून घोणस समजून आरडाओरडा केला आणि चार माणसे काठ्या घेऊन धावली. आमच्या बागांमध्ये दरवर्षी कोणाला ना कोणाला घोणस चावते, त्यामुळे त्यांचे घाबरणे मी चुकीचे म्हणू शकत नाही. सुदैवाने सर्पमित्र वेळेवर पोहोचला. साप तोवर डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होऊन पडला होता. सर्पमित्राने बॅटरीच्या उजेडात त्याच्या वरच्या ओठावरील खळग्यांची रांग दाखवली, घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन रांगा असतात हे समजावून सांगितले आणि हा आपल्याकडचा सापच नव्हे असे स्पष्ट केले. त्याने तो ओळखला नसता, तर पश्चिम आफ्रिकेतला हा प्राणी सातपुड्यात सोडला गेला असता. तिथे तो डिसेंबरच्या थंडीत मेला असता किंवा आपल्या सापांमध्ये नसलेला एखादा आजार तिथे सोडून गेला असता.

त्यानंतर मी एका कार्यालयात गेलो. तेथे मला "हा आपल्या जंगलातला प्राणी नाही, आमच्याकडे याचे काम नाही," असे उत्तर मिळाले. म्हणून जाणकारांना विचारतो. मुदत टळल्यानंतर अर्ज स्वीकारला जातो का? अर्ज भाच्याच्या नावाने करून मग हस्तांतरण दाखवायचे, की ताबा माझा असल्याने थेट माझ्या नावाने करायचा? प्राणी शासनाच्या स्वाधीन करण्याची माझी तयारी आहे, पण तसे केल्यास जळगाव जिल्ह्यात त्याला योग्य तापमानात ठेवणारी सोय कोणती?

एक मत मात्र मी मांडतो. नोंदणीची अट योग्यच आहे, परंतु तिचा भार आज शेवटच्या माणसावर पडतो. विक्रेत्याने नोंदणी प्रमाणपत्राशिवाय प्राणी हातात देऊच नये, आणि घेणाऱ्याने पेटी, तापमान व पशुवैद्यक यांची सोय आधी दाखवावी, अशी व्यवस्था असती तर एकोणीस वर्षांच्या मुलाला मोबाइलवर दोन संदेश पाठवून हा साप मिळाला नसता.

प्रतिसाद (धुळे):

दादा, प्रथम दोन गोष्टी टाळा. साप कोणाला देऊ नका आणि विकू तर मुळीच नका, कारण नोंदणीशिवाय केलेले हस्तांतरण ही आणखी एक चूक ठरेल. २०२० च्या जूनमध्ये केंद्राने विदेशी प्राण्यांची कागदपत्रांशिवाय स्वेच्छेने माहिती देण्याची सवलत सहा महिन्यांसाठी दिली होती, तिचा आधार आता घेता येणार नाही. वन विभागाच्या उपवनसंरक्षकांच्या नावाने लेखी अर्ज करा, त्यात खरेदी आणि ताबा यांच्या खऱ्या तारखा लिहा, आणि टपाल शाखेतून आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. तोंडी उत्तराची नोंद कुठेच राहत नाही. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून लांबी, वजन आणि प्रकृतीचा दाखला घ्या. विलंब लेखी कबूल करणार असल्याने मसुदा आधी वकिलाला दाखवा. आणि थंडीत सापाने महिना-दोन महिने खाल्ले नाही तर घाबरू नका, मात्र वजन लिहून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. काल अर्ज दिला आणि पोच मिळाली. डॉक्टरांनी सुतळी सापाच्या अंगावरून वळवत नेऊन मग टेपवर मोजली. लांबी तीन फूट आठ इंच भरली. भाच्याने विक्रेत्याशी झालेल्या संदेशांची आणि पैसे पाठवल्याची छायाचित्रे पाठवली आहेत. त्यात विक्रेत्याचा क्रमांक स्पष्ट दिसतो. ती अर्जासोबत आताच जोडावीत, की चौकशीला बोलावल्यावर द्यावीत, एवढे कृपया कोणी सांगावे.