ब्रिक लेनवर बंगाली पाट्या आहेत, माणसं कुठे चाललीत?

पूर्वरंग (धागाकर्ता):
लंडनच्या ब्रिक लेनला आज गेलात तर रस्त्यांच्या पाट्या बंगालीत दिसतील, कमान दिसेल, वॉर्डाच्या नावातही बांगलाटाउन आहे. पण ज्यांच्यामुळे हे नाव पडलं ते सिल्हेटी लोक (बांगलादेशातल्या सिल्हेट भागातून आलेले) तिथून बाजूला सारले जातायत आणि याला काळाचा महिमा म्हणून सोडून देणं मला साफ नामंजूर आहे. वांशिक समानतेवर काम करणाऱ्या रनीमीड ट्रस्टच्या अहवालानुसार २००० च्या दशकाच्या मध्यावर इथे ६० करी हाउस (करीची हॉटेलं) होती, २०२० च्या सुरुवातीला २३ उरली, म्हणजे कोविडची झळ लागायच्या आधीच. सिटीची, म्हणजे लंडनच्या बँका-वित्तसंस्थांच्या भागाची, ऑफिसं चालत जाण्याच्या अंतरावर, १९८९ ला बंद पडलेल्या ट्रुमन ब्रुअरीत (बिअरच्या कारखान्यात) गॅलऱ्या नि मार्केट आलं, २०१० ला शोर्डिच हाय स्ट्रीट स्टेशन झालं, आणि भाडी वर वर जात राहिली. २०२१ ला ब्रुअरीच्या आवारात दुकानं नि ऑफिसांचा प्लॅन आला, ७००० च्या वर हरकती गेल्या, तरी कौन्सिलच्या (तिथल्या नगरपालिकेच्या) कमिटीने पास केला.

हा रस्ता या लोकांना कुणी आंदण दिला नव्हता हो. सत्तरच्या दशकात कौन्सिलची स्वस्त भाड्याची घरं मिळेनात म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं पडक्या रिकाम्या इमारतींत जाऊन राहिली, नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे लोक येऊन दहशत माजवायचे, ४ मे १९७८ ला अल्ताब अली या कपड्याच्या कारखान्यातल्या तरुण कामगाराचा खून झाला तेव्हा हजारो लोक त्याच्या शवपेटीमागे चालत निघाले. आज त्याच्या नावाचं पार्क आहे. नाव पार्कला द्यायचं आणि त्याच्याच लोकांना तिथलं भाडं परवडू नये, हे मला अजिबात पटत नाही.

सविता_के:
असहमत. फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची मशीद बघा, १७४३ ला ती फ्रान्समधून पळून आलेल्या ह्युगनॉटांचं (फ्रेंच प्रोटेस्टंटांचं) चर्च म्हणून बांधली, १८१९ ला मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाकडे गेली, १८९८ ला सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) झाली आणि १९७६ पासून मशीद आहे. ज्यूंचं बस्तान हललं म्हणूनच बांगलादेशींना जागा मिळाली ना? मग साखळी नेमकी इथेच थांबवायची हा हट्ट का? दुसरं म्हणजे ज्या बापांनी रात्री दोन-दोनपर्यंत किचनमध्ये हाडं झिजवली त्यांनाच आपल्या पोरांनी हे करू नये असं वाटत होतं. पोरं शिकली, नोकऱ्यांना लागली, १९८० च्या राइट टू बायमध्ये (भाडेकरूला कौन्सिलचं घर विकत घेऊ देणाऱ्या योजनेत) ज्यांनी कौन्सिलचे फ्लॅट घेतले त्यातल्या कित्येकांनी नंतर चांगल्या भावाने विकून लंडनच्या बाहेरच्या अंगाला रेडब्रिजकडे बाग असलेली घरं घेतली. याला हद्दपारी म्हणणं त्यांच्या कष्टांवर अन्याय आहे.

पूर्वरंग:
सविताताई, जे स्वखुशीने गेले त्यांच्याबद्दल माझी तक्रारच नाही. पण विकलेला तो फ्लॅट कौन्सिलकडे परत येत नाही, बहुतेकदा जास्त भाड्याने बाजारात जातो, आणि वेटिंग लिस्टवरचं एका खोलीत पाच जण राहणारं कुटुंब तिथेच राहतं. त्या कुटुंबाला रेडब्रिजची बाग कुठून परवडणार? आणि पोरं किचनमध्ये येत नाहीत म्हणून बाहेरून आचारी आणायचं म्हणाल तर २०२४ मध्ये व्हिसासाठी पगाराची अट ३८,७०० पौंडांवर नेली, छोट्या हॉटेलवाल्याने भाडं भरायचं की हे?

सविता_के:
आचाऱ्यांचा प्रश्न व्हिसाचा आहे, देशभरातल्या करी हाउसना तो भेडसावतोय. त्याचं खापर ब्रिक लेनच्या भाड्यांवर फोडू नका.

लीजवाला:
एक मुद्दा दोघांकडूनही सुटतोय. १९५४ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याने दुकानदाराला लीज संपल्यावर रिन्यू करून मागायचा हक्क आहे, पण करार करतानाच तो हक्क सोडून देता येतो आणि मालक नेमकं तेच करून घेतात, नवा, इंग्रजी कच्चं असलेला माणूस सही करून मोकळा होतो. हक्क शाबूत असला तरी नवं भाडं बाजारभावानेच ठरतं, म्हणजे आजूबाजूला महागडी कॉफी शॉप आली की तुमचंही वाढलं. संस्कृती जपा वगैरे म्हणून यात काडीचाही फरक पडत नाही, हे कलम बदलायला पाहिजे.

नवा_भाडेकरू:
मी तिथेच राहतो, आयटीत आहे, भारतातून आलोय. भाडेवाढीचा राग शेवटी आमच्यासारख्यांवर निघतो हे मला खटकतं. २०१५ मध्ये नाश्त्याचं सीरियल (कॉर्नफ्लेक्ससारखं) विकणाऱ्या एका कॅफेवर आंदोलकांनी रंग फेकला, तोही एक छोटा धंदाच होता, जमिनीचे मालक मात्र नामानिराळे. मी पण स्थलांतरितच आहे, पगार बरा आहे म्हणून माझं स्थलांतर कमी खरं होतं का?

पूर्वरंग:
नाही होत, आणि रंग फेकणाऱ्यांची बाजू मी घेणारही नाही. पण पगार बरा असला की परवडेल तिथे जायची सोय असते, ती सिल्हेटहून आलेल्या म्हाताऱ्या बाईला नसते, तिची मशीद, तिचा डॉक्टर, तिची भाषा बोलणारा दुकानदार सगळं त्या चार गल्ल्यांत आहे. ब्रुअरीच्या जमिनीवर आधी परवडणारी घरं पाहिजेत, ऑफिसं नंतर.

सविता_के:
घरांना माझा पूर्ण पाठिंबा. पण ती गरज बघून द्या, बांगलादेशी म्हणून नको. उद्या दुसरं कुणी हाल काढून आलं तर त्यांनाही त्याच रांगेत जागा मिळाली पाहिजे.

लीजवाला:
गरज बघूनच वाटलीत तरी त्या वॉर्डात बरीचशी त्यांनाच मिळतील, तेव्हा घरांवर तुमचं भांडण फारसं उरत नाही. दुकानांचं बोला, तिथे कौन्सिलच्या वेटिंग लिस्टसारखी सोयच नाहीये.