बीटी विष, तर त्याआधीचा फवारा काय तीर्थ होतं?

पऱ्हाटीवाला
बीटी म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेला कापूस, त्याचं झाडच बोंडअळीला मारणारं विष बनवतं. काल त्याबद्दल एकानं लिहिलं, "बीटीनं कापूसवाल्याचा गळा घोटला, बियाणं जाळा, देशी लावा." खाली टाळ्याच टाळ्या. गप्प बसणार होतो, जमलं नाही.

नव्वदीत आमच्याकडे हंगामात दहा-बारा फवारे व्हायचे. मी शाळेतून आलो की डब्यानं पंपात पाणी ओतायचो. एवढं करून बोंड फोडलं तर आत हिरवी अळी धष्टपुष्ट. बाबांचे कपडे आई काठीनं उचलून वेगळे भिजवायची, तरी घरात वास यायचा. 2002 ला बीटीला परवानगी मिळाली, दोनेक वर्षांनी आम्ही लावली आणि हिरव्या अळीचा फवारा जवळपास सुटला. देशात हेक्टरी 300 किलोच्या आसपास रुई निघायची, 2007-08 ला साडेपाचशेच्या घरात गेली. देशी लावा म्हणणाऱ्यानं आधी पाठीवर पंप घ्यावा.

तिरकस_धुरेकरी
गोष्ट छान, पण पुढचं पान फाडून ठेवलंत. 2017 ची डोमकळी आठवते का? फूल उमलतच नाही, पाकळ्या चिकटलेल्या, उघडलं की आत गुलाबी अळी. ती पऱ्हाटी बीटीच होती ना, तीही दोन विषांची दोन जनुकं घातलेली? त्याच वर्षी यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त माणसं गेली. मग पंप सुटला कुठे? आणि साडेपाचशेचं सगळं श्रेय बियाण्याला? गुजरातेत पाणी आलं, नवी औषधं आली, खत वाढलं, त्याचं काय? तो आकडा पुढे घसरला, तेही सांगा की.

सरकी_अभ्यासक
जनुकाला शिव्या घालण्याआधी पुडीचं बोला. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी यायचं. ते कडेनं लावायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतात आणि बीटी पचवलेल्या एखाद्या पतंगाला जोडीदार साधाच मिळतो. पिल्लं पुन्हा बीटीनं मरतात. किती जणांनी लावलं? वरून फरदड, म्हणजे मुख्य वेचा झाल्यावरही झाडं शेतात ठेवून जास्तीचा कापूस घ्यायचा. गुलाबी अळी कापसाशिवाय फारशी कशावर जगत नाही, आणि आपण तिला मार्चपर्यंत ताट वाढून ठेवतो.

तिसरं कुणी बोलतच नाही. आपल्याकडे बीटी संकरित वाणांत घातली. अशा झाडाच्या बोंडातल्या सरक्या एकसारख्या नसतात. काहींत दोन्ही विषं, काहींत एक, थोड्यांत काहीच नाही. म्हणजे थोडं थोडं विष चाखायला देऊन अळीची शिकवणीच लावली. वर दरवर्षी नवं पाकीट विकत. अमेरिकेत हीच अळी, तिथे बीटीसोबत वांझ पतंग सोडले, पीक वेळेत मोडलं, आणि 2018 ला अळी संपल्याचं जाहीर केलं.

शहरी_पण_खाणारा
कापूस जाऊ द्या हो, अंगाला लागतो. ताटात जीएम, म्हणजे जनुक बदललेलं, नको. 2010 ला बीटी वांगं थांबवलं ते बरंच झालं.

सरकी_अभ्यासक
सरकीचं तेल कुठे जातं? सरकीची ढेप कोणाची गाय खाते? तुम्ही वीस वर्षं ताटातच आहात. बांगलादेशात तेच वांगं 2014 पासून शेतात आहे.

पऱ्हाटीवाला
पुडी फेकली, हो. मीच फेकली, कबूल. एका साली लावली तर निम्मी उगवलीच नाही. आणि डिसेंबरात झाडावर बोंडं दिसत असताना नांगर घाल म्हणणाऱ्यानं सोसायटीचा हप्ता भरून द्यावा, मग फरदडीचं बोलू.

आता खरं हवंय ते तणनाशक सहन करणारं बियाणं. परवानगी नाही म्हणून चोरबीटी पेरतो, बिल नाही, उगवली नाही तर तक्रार नाही. 2019 ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं उघड पेरून दाखवली. करणार काय, निंदायला बाई मिळत नाही.

निंदणारीची_लेक
"बाई मिळत नाही" म्हणजे बाई काय बाजारातून नाहीशी झाली? माझी आई तीस वर्षं निंदायला गेली. पावसात प्लास्टिकचं पोतं डोक्यावर, बोटांच्या बेचक्यात चिखल्या. गड्याला जेवढे, त्याच्या निम्मे हिला. आता तिला उकिडवं बसता येत नाही. मिळत नाही म्हणता, त्याआधी देता किती ते लिहा.

तिरकस_धुरेकरी
घ्या! हे ऐका.

पऱ्हाटीवाला
ताई, माझी बायकोही निंदते. मी काही माडीवरून बघत नाही. कापसाचा भाव माझ्या हातात असता तर मजुरी वाढवली असती. तुमच्याच आईचे गुडघे वाचावेत म्हणून तणनाशक म्हणतोय असं समजा.

निंदणारीची_लेक
आईचे गुडघे एकदम आठवले! तण जळालं की तिची मजुरीही जळाली, ती कोण देणार? आणि पंप मारायला तिचाच पोरगा येणार, तोंडाला रुमाल बांधून.

सरकी_अभ्यासक
मूळ प्रश्न बोंडअळीचा होता.

निंदणारीची_लेक
तुमचा होता. बरं, एक मान्य करते. आईला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, निंदण सुटलं तर मी पेढे वाटीन. मला आवडलं नाही, पण म्हणाली. मग म्हणाली, त्या भाऊंना विचार, बायांचे पैसे वेळेवर देतात का.

पऱ्हाटीवाला
देतो. एकदा चार बायांचे राहिले होते, पुढच्या आखाडीला दिले. साल 2017.