शब्दचर्चा : ‘उतूलिएन’ हे रूप आणि क्वेन्या भाषेतील पुरुषवाचक प्रत्यय

इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी आपल्या कथांतील एल्फ या काल्पनिक जमातीसाठी रचलेल्या क्वेन्या या भाषेतील ‘उतूलिएन’ या शब्दाचा अर्थ ‘मी आलो आहे’ असा सांगितला जातो आणि तो बरोबर आहे. मात्र त्यातला ‘मी’ कोठे आहे आणि ‘आहे’ कोठे आहे, हे फोड केल्याशिवाय कळत नाही. देवनागरीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ वेगळे दाखवता येत नाहीत, म्हणून या स्वरांचे दीर्घत्व आवश्यक तेथे शब्दांत सांगितले आहे.

मूळ धातू ‘तुल्’, म्हणजे येणे. पूर्ण वर्तमानकाळ करताना धातूतला स्वर दीर्घ होतो, तोच स्वर ऱ्हस्व होऊन धातूच्या आधी येतो आणि शेवटी ‘-इए’ लागतो : उ + तूल् + इए. त्यापुढचा ‘न’ म्हणजे ‘मी’. याच रीतीने ‘क्वेत्’ (बोलणे) या धातूपासून ‘एक्वेतिए’ होते. संस्कृत शिकलेल्या वाचकाला येथे ‘तुद्’ धातूचे ‘तुतोद’ हे लिट् लकाराचे (परोक्ष भूतकाळाचे) रूप आठवेल, आणि ते आठवणे रास्तच आहे. फरक इतकाच, की संस्कृतात अभ्यासामध्ये (धातूच्या द्विरुक्त झालेल्या आद्य भागात) व्यंजनही येते, तर क्वेन्यात केवळ स्वर पुढे येतो. टॉल्किन यांनी स्वतः लॅटिन, फिनिश आणि ग्रीक यांचा प्रभाव मान्य केला आहे, आणि ग्रीकमध्येही अशी द्विरुक्ती आहे. हा आद्य स्वर त्यांना किती महत्त्वाचा वाटत होता ते ‘वानिएर’ (‘सरून गेली आहेत’, कर्ता वर्षे) या रूपावरून दिसते : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीतले हे रूप दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ‘आवानिएर’ केले. त्यातला अंत्य ‘र’ अनेकवचनाचा आहे.

भविष्यकाळ त्या मानाने सरळ आहे. ‘-उवा’ लागतो आणि पुढे पुरुषप्रत्यय येतो, म्हणून ‘मारुवान’ म्हणजे ‘राहीन’. मराठीतही ‘राहीन’ म्हटल्यावर ‘मी’ वेगळा उच्चारावा लागत नाही. साम्य मात्र येथेच संपते. ‘हिरुवाल्ये’ (तू शोधून काढशील) यात ‘-ल्ये’ हा ‘तू’ आहे. पण ‘तूच’ असा जोर देण्यासाठी ‘एल्ये’ हे स्वतंत्र सर्वनाम आले, की क्रियापद नुसते ‘हिरुवा’ उरते. मराठीत ‘तूच शोधशील’ म्हणताना ‘-शील’ जात नाही. क्वेन्यात तो प्रत्यय खरोखरच सर्वनाम आहे, मराठीत तो सर्वनामाशी जुळणारा प्रत्यय आहे, आणि हा भेद मला या सगळ्या व्याकरणात सर्वांत मोलाचा वाटतो.

मराठी वाचकाला विशेष जवळचा भाग ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा. इंग्रजीत हा भेद नाही, क्वेन्यात आहे आणि तो प्रत्ययातच आहे. एल्फांच्या प्रसिद्ध अभिवादनातील ‘ओमेन्तिएल्वो’ची फोड ‘ओमेन्तिए’ (भेट), ‘-ल्वा’ (आपली) आणि षष्ठीचा ‘-ओ’ अशी होते. येथला ‘-इए’ क्रियेचे नाम करणारा आहे. ‘उतूलिएन’मधल्या ‘-इए’शी तो दिसायला सारखा असला, तरी त्याचे काम वेगळे आहे. १९५४ च्या पहिल्या आवृत्तीत हे रूप ‘ओमेन्तिएल्मो’ होते, पुढे ते बदलले. म्हणून त्या अभिवादनाचे मराठी ‘आपल्या भेटीच्या घटकेवर तारा चमकत आहे’ असेच व्हावे. ‘आमच्या भेटीच्या’ म्हटले, तर ज्याला अभिवादन करायचे तोच भेटीबाहेर राहतो.

तरीही ‘-ल्मे’ हा प्रत्यय (‘ओमेन्तिएल्मो’तल्या ‘-ल्म-’चे क्रियापदाला लागणारे रूप) दिसला की डोळे मिटून ‘आम्ही’ लावू नये. या प्रत्ययांचे अर्थ टॉल्किन यांनी आपल्या टिपणांत वेळोवेळी बदलले. उत्तरकालीन तक्त्यांत ‘-ल्मे’ म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘-ल्वे’ म्हणजे ‘आपण’ असले, तरी आधीच्या मांडणीत ‘-ल्मे’ ऐकणाऱ्यालाही सामावून घेत असे. क्वेन्यात आज नव्याने लिहिलेली एखादी कविता वाचताना कवीने कोणत्या काळचा तक्ता धरला आहे, हे आधी पाहावे लागते.