पणजीचं माहेर शोधतेय

नमस्कार मंडळी,

आपल्या यादीवर मोडी वाचणारं कुणी आहे का? चुलतभावाने गावाहून एका जुन्या फेरफाराचा, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदीचा, फोटो पाठवलाय. वाळवे तालुका, साल १९१९. पणजोबा आदल्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले, एवढंच घरात माहीत आहे. आजोबा तेव्हा चार वर्षांचे, त्यांचा भाऊ अंगावर पिणारा. पुढे पणजीने एकटीने दोन पोरं वाढवली आणि जमीन राखली. पण तिच्याबद्दल विचारलं तर कुणाला काही सांगता येत नाही. आत्या म्हणते, "आई तिला सासूबाई म्हणायची, आम्ही म्हातारी म्हणायचो. नाव कशाला कोण घेतंय?" फोटो नाही, जन्मसाल नाही, माहेर कुठलं तेही ठाऊक नाही.

फोटो जोडलाय. शेवटची ओळ लागली तर फार उपकार होतील.

---

ताई,

माझे वडील तलाठी होते, मोडी त्यांच्याकडेच शिकलो. तुमची ओळ लागली. आधी दोन्ही मुलांची नावं आहेत, मग "अ.पा.क. आई" आणि त्यापुढे तुमच्या पणजीचं नाव, "कोम" घालून पणजोबांचं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलं सज्ञान नव्हती, म्हणून जमीन त्यांच्या नावे आणि सांभाळणारी आई. "कोम" म्हणजे अमक्याची बायको. पुरुषाच्या नावापुढे "बिन" येतं, अमक्याचा मुलगा.

नाव मी तुम्हाला वेगळं कळवतो, पण घाईने पक्कं धरू नका. मोडीत आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जातात, शब्द तुटत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. मधलं एक अक्षर मला दोन तऱ्हांनी वाचता येतंय. त्याच गावाचे पुढचे-मागचे फेरफार मिळवा. लिहिणारा हात तोच असेल तर ते अक्षर दुसऱ्या एखाद्या शब्दात सापडेल आणि शंका मिटेल.

चुलतभावाला तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागायला सांगा. जन्म-मृत्यूची ती वही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. मुंबई इलाख्यात साथीचा कहर सप्टेंबर-ऑक्टोबर १९१८चा, तेव्हा तिथून सुरुवात करा. आजोबांचा जन्म शोधताना त्यांचं नाव शोधू नका. जुन्या नोंदींत पुष्कळदा बापाचं नाव आणि पुढे "मुलगा" एवढंच असतं. शाळेच्या रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख दिसली तर तिच्यावरही विसंबू नका. शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून मास्तरांनी कितीकांना तीच तारीख घातलीय. आणि जुन्या कागदांवर जिल्हा सातारा असेल. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला, सांगली हे नाव १९६०चं.

हक्कनोंदी १९०३च्या कायद्याने सुरू झाल्या, त्यामुळे त्यापूर्वीचा फेरफार मिळायचा नाही. आणि मिळाला असता तरी तुमचा प्रश्न त्याने सुटला नसता. या दप्तरात बाई कुणाची तरी बायको नाहीतर आई म्हणून येते, कुणाची मुलगी ते लिहायचं कारणच पडत नाही. याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

तुमचे काका

---

ताई, तुमच्या गावाला हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारा, येतो का, ते विचारा. आमच्याकडे शिरोळला सुगी झाली की बैलावर बसून यायचे. वही कानडी, वाचायचे सुरात. मूळ गाव कुठलं, तिथून कुठे पांगलो, कुणाला किती मुलगे, सगळं त्यात. आजोबा त्यांना जोंधळे घालून ओसरीवर बसवायचे आणि आम्हाला समोर बसून ऐकायला लावायचे. वहीचा नुसता फोटो काढू नका, वाचताना आवाज रेकॉर्ड करून घ्या. लिहिलेलं थोडं असतं, तोंडपाठ जास्त.

---

काका, दादा, मनापासून आभार.

हेळवी अजून येतो म्हणे, दिवाळीनंतर. पण त्याआधीच एक गोष्ट हाती आलीय. काल चुलतभावाने माळ्यावरचा पितळी हंडा खाली काढला. काठाखाली टिंबा-टिंबांनी काहीतरी कोरलेलं होतं. चिंचेने घासला तरी लागेना. मग त्याने अंधारात टॉर्च आडवा धरला, तशा सावलीत टिंबं उठून दिसली: "चि. सौ. कां.", पुढे मुलीचं नाव, मग "मामाकडून", एका गावाचं नाव आणि सन १९०९.

नाव फेरफारातलं नाही. हंडा दुसऱ्या कुणाचा असेल का, हा विचार मीही केला. पण पणजोबा एकुलते होते आणि त्या सुमारास घरात दुसरी सून आली नव्हती. लग्नात नाव बदललं असणार. आता मामाचं गाव म्हणजे माहेर नव्हे, हे कळतं मला. तरी रात्रीच आत्याला फोन लावला आणि आधी नुसतं गावाचं नाव सांगितलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथं आम्ही जत्रेला जायचो की. बैलगाडीने, म्हातारीबरोबर. दारात गाडी थांबली की एक बाई तिला नावाने हाक मारायची. आम्हाला वाटायचं, दुसऱ्याच कुणाला बोलावतेय."

हंड्यावरचं नाव मी तिला वाचून दाखवलं. तेच होतं.

जानेवारीत जातेय, आत्याला सोबत घेऊन.